लिंकेजनं मला कुठे पाडलं

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून मी उत्क्रांतीचं पहिलं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची नक्कल, लिहिलं. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेननं १९२७मध्ये मांडलेलं उत्तर हुबेहूब आलं: मोठ्या समष्टीत (एका जातीच्या जीवांच्या समूहात) १ टक्का फायदा देणारं नवं म्युटेशन (जनुकातला बदल) सगळीकडे पसरण्याची शक्यता साधारण २ टक्के. गाईडनी पाठ थोपटली. (कोड न उघडता पाठ थोपटणाऱ्या गाईडपेक्षा शेजारी बसून चुका काढणारा खडूस सीनियर बरा.)

मग पीएचडीची मुलाखत. "दोन चांगली म्युटेशन्स दोन वेगळ्या जीवाणूंत एकाच सुमारास आली, तर?" मी ठोकून दिलं, "दोन्ही पसरतील." मॅडमनी पेन खाली ठेवलं.

घोळ एका आकड्यात होता. शेजारच्या जनुकांमधला रिकॉम्बिनेशनचा (गुणसूत्रांमधल्या अदलाबदलीचा) दर मी ०.५ ठेवला होता, म्हणजे प्रत्येक जनुक सुटं, कुणाचा कुणाशी संबंध नाही. पण म्युटेशन हवेत येत नाही. ते एका ठरावीक गुणसूत्रावर येतं आणि तिथे आधीपासून बसलेल्यांचं नशीब त्याला चिकटतं. हेच लिंकेज. समजा, 'अ' एका वंशात आलं, 'ब' दुसऱ्या. जनुकांची देवाणघेवाण नसेल, तर 'अ'चा वंश वाढताना 'ब'च्या वंशाची जागा खातो. 'ब' चांगलं असूनही संपतं. त्याला तरायचं, तर 'अ'वाल्या वंशातच पुन्हा नव्यानं घडावं लागतं. रिकॉम्बिनेशन असेल, तर दोघं एका गुणसूत्रावर येऊ शकतात. जीवशास्त्रज्ञ लेन्स्कीनं १९८८मध्ये सुरू केलेल्या प्रयोगातल्या ई. कोलाय या जीवाणूच्या १२ समष्टींत ही चढाओढ दिसते. शेजारी वाईट म्युटेशन असेल, तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. एकमेकांच्या पायात पाय अडकून नैसर्गिक निवडीचा जोर कमी होतो, हे हिल आणि रॉबर्टसन यांनी १९६६मध्येच दाखवलं होतं. मी 'हिल-रॉबर्टसन परिणाम' हे नाव पाठ केलं होतं, एवढंच.

उलटही होतं. चांगलं म्युटेशन झपाट्यानं पसरलं की शेजारची बिनकामाचीही सोबत पोचतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा! तेव्हा 'प्रमाण जास्त, म्हणून फायदेशीर' असं कुठेही लिहू नका. कापले जाल.

अप्पा बळवंत चौकातल्या झेरॉक्स नोट्सवर हे कळणार नाही. तयार पॅकेजवरही नाही. घाबरू नका, गणित अकरावीचंच आहे. स्वतः सिम्युलेशन लिहा: दोनच जनुकं घ्या, रिकॉम्बिनेशनचा दर ०.५ ठेवा, मग ०.०१, मग शून्य. प्रत्येक दराला हजारदा चालवा आणि 'ब' किती वेळा वाचतं ते मोजा. माझ्या जुन्या लॅपटॉपला अख्खी रात्र लागली होती.