सिव्हिअर अ‍ॅलर्जी आणि एमएस : शंका आली तर काय करायचं, काय नाही

कोळंबी खाऊन किंवा गांधीलमाशी चावून अ‍ॅलर्जीचा जबरदस्त अटॅक येतो, अ‍ॅडमिट व्हावं लागतं, मग दोन-तीन महिन्यांत पायाला मुंग्या, एका डोळ्याला अंधुक दिसणं, एमआरआय, आणि डॉक्टर म्हणतात मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस), म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. अशा वेळी घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच येतं, त्या अ‍ॅलर्जीनेच हे झालं. एमएसच्या पेशंटसोबत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती छळतो ते मला माहितीये, म्हणून आधी उत्तर सांगते: अ‍ॅलर्जीमुळे एमएस होतो हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. पण अ‍ॅलर्जीची हिस्टरी न्यूरॉलॉजिस्टला नीट सांगणं फार गरजेचं आहे, आणि ते कसं करायचं हेच इथे लिहितेय.

आधी अभ्यास काय म्हणतात ते बघा, कारण नेटवर यातला एकच तुकडा उचलून फिरवतात. २०११ मध्ये तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अ‍ॅलर्जी आणि एमएस होणं यांचा संबंध दिसला नाही. मग बॉस्टनच्या ब्रिगहम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १,३४९ एमएस पेशंट्सकडून प्रश्नावली भरून घेतली. ज्यांना खाण्याची अ‍ॅलर्जी होती त्यांच्यात अ‍ॅलर्जी नसलेल्यांपेक्षा रिलॅप्सचं (आजाराचा अटॅक पुन्हा येण्याचं) प्रमाण सुमारे २७ टक्के जास्त होतं, आणि एमआरआयमध्ये चालू सूज दाखवणारे डाग सापडायची शक्यताही दुपटीहून जास्त. धूळ-परागकणांच्या किंवा औषधांच्या अ‍ॅलर्जीत असा ठळक फरक नव्हता. आता लक्षात घ्या, ही सगळी माणसं आधीच एमएसची पेशंट होती, म्हणजे हा अभ्यास एमएस कशामुळे सुरू होतो याबद्दल नाहीच, आणि अ‍ॅलर्जी आहे की नाही हे पेशंटनेच सांगितलेलं. त्यात २०१७ च्या अमेरिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात उलटंच निघालं, खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या एमएसच्या मुलांना रिलॅप्स कमी होते. त्यामुळे कुणी "सिद्ध झालंय" म्हणून फॉरवर्ड पाठवला की एवढंच विचारा, कोणत्या अभ्यासात, आणि आजार सुरू व्हायच्या आधीचं की नंतरचं?

दुसरी गोष्ट तारखांची. पहिलं लक्षण दिसतं तेव्हा एमएस सुरू होऊन बराच काळ गेलेला असू शकतो. २०२२ मध्ये हार्वर्डच्या टीमने अमेरिकन सैन्यातल्या १ कोटींहून जास्त लोकांच्या रेकॉर्डवरून दाखवलं की एप्स्टाइन-बार व्हायरसचं इन्फेक्शन झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो, आणि नसांना इजा झाल्याची खूण रक्तात लक्षणांच्या काही वर्षं आधीपासून सापडू शकते. ड जीवनसत्त्वाची कमतरता, सिगरेट, किशोरवयातला लठ्ठपणा, काही जीन्स, हेही धोका वाढवणाऱ्या गोष्टींत आहेत. मग मार्चमध्ये अंगावर पित्त उठलं आणि मेमध्ये डोळ्याला अंधुक दिसायला लागलं, हे बऱ्याचदा कावळा बसायला आणि फांदी मोडायला. त्या दिवशी कोळंबी खाऊ घातली म्हणून आईने स्वतःला दोष देत बसायचं काही कारण नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

आता कामाचं. एक साधी वही घ्या आणि पान उभं दुमडा. डावीकडे अ‍ॅलर्जी: काय खाल्लं, काय चावलं, कोणतं औषध घेतलं, किती मिनिटांत त्रास सुरू झाला, गांधी उठल्या का, ओठ सुजले का, धाप लागली का, कोणतं इंजेक्शन दिलं. उजवीकडे नसांची लक्षणं: कोणत्या बाजूला, किती दिवस राहिलं, तेव्हा ताप होता का, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर वाढलं का, मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का, लघवीला त्रास. अ‍ॅलर्जीच्या वेळी स्टिरॉइड दिलं असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा, कारण एमएसच्या अटॅकवरही स्टिरॉइडच देतात, त्यामुळे बरं वाटलं म्हणजे अ‍ॅलर्जीच होती असं होत नाही.

दोन्हीतला फरक बहुतेक वेळा वेळेवरून कळतो. अ‍ॅलर्जी मिनिटांत किंवा एक-दोन तासांत चढते आणि बहुतेकदा काही तासांत उतरते. एमएसचा अटॅक म्हणजे ताप-इन्फेक्शन नसताना निदान २४ तास टिकलेलं लक्षण, आणि बहुतेकदा ते दिवसेंदिवस, आठवडे राहतं. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर आमसुलाचं पाणी लावत आणि सेट्रिझिन घेत थांबू नका. डोळा हलवताना दुखतोय आणि रंग फिके दिसतायत, किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय, लघवी अडकलीय, तर त्याच दिवशी दाखवा.

न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर अ‍ॅलर्जीचं बोलणं "तसं काही विशेष नाही" म्हणून उडवू नका. याचं एक खरंखुरं कारण आहे. जपानमध्ये १९९७ मध्ये क्यूशू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा पेशंट्सबद्दल लिहिलं की ज्यांना अ‍ॅटॉपिक एक्झिमा (अ‍ॅलर्जीने खाजणारी, सुजलेली त्वचा) होता, रक्तात आयजीई ही अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी खूप वाढलेली, घरातल्या धुळीतल्या माइट या बारीक किड्यांची अ‍ॅलर्जी, आणि मज्जारज्जूला, खास करून मानेच्या भागात, सूज. हाता-पायाला मुंग्या हे मुख्य लक्षण. त्याला अ‍ॅटॉपिक मायलायटिस म्हणतात, तो एमएसपेक्षा वेगळा समजला जातो पण वरून तसाच दिसू शकतो. म्हणून लहानपणापासून एक्झिमा किंवा दमा असेल आणि एमआरआयमध्ये फक्त मज्जारज्जूत डाग असेल, तर टोटल आयजीई आणि इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघायचे का, हे विचारा. बाकी आपल्याकडे बी-१२ ची कमतरता सर्रास असते, विशेषतः शाकाहारी घरात, आणि तीही मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं सगळं करते, ती टेस्ट झालीच पाहिजे. एनएमओ (डोळ्याच्या नसेला आणि मज्जारज्जूला सूज आणणारा, एमएससारखा दिसणारा वेगळा आजार) साठी अ‍ॅक्वापोरिन-४ आणि तशाच दिसणाऱ्या मॉगॅड आजारासाठी मॉग, या अँटिबॉडीच्या टेस्टही विचारा, कारण एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलटतात. पाठीतलं पाणी काढायला सांगितलं तर घाबरून नाही म्हणू नका, त्यातले ऑलिगोक्लोनल बँड (मज्जासंस्थेत सूज असल्याची प्रोटीनची खूण) निदान पक्कं करायला फार उपयोगी पडतात. आणि कॉन्ट्रास्ट एमआरआयच्या (डाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून औषध देऊन करतात त्या) आधी, पूर्वी कोणत्याही कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन आली असेल तर फॉर्मवर टिक करून सोडू नका, तोंडाने सांगा.

काय करू नका हेही स्पष्ट लिहिते. आयजीजी फूड पॅनल नावाची महागडी टेस्ट करून पन्नास पदार्थ बंद करू नका, ती टेस्ट अ‍ॅलर्जी दाखवत नाही, आणि दूध-गहू-डाळी सगळं सोडलेला माणूस अजून अशक्त होतो. खरी शंका असेल तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे स्किन प्रिक किंवा त्या पदार्थाचं आयजीई. मधमाशी डसवून घेण्याचा उपाय तर अजिबात नको. नेदरलँड्समध्ये २६ पेशंट्सवर २४ आठवडे तो करून पाहिला, ना डाग कमी झाले ना रिलॅप्स, आणि तुम्हाला आधीच सिव्हिअर अ‍ॅलर्जी असेल तर त्यात जीव जाऊ शकतो. क्लेमास्टिन या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळीबद्दलही लोक विचारतात. २०१७ च्या छोट्या ट्रायलमध्ये डोळ्याच्या नसेतून संदेश जायचा वेग थोडा सुधारला होता हे खरं, पण नंतरच्या एका ट्रायलमध्ये काही पेशंट्सची तब्येत वेगाने बिघडली म्हणून त्यातलं क्लेमास्टिन बंद करावं लागलं. स्वतःहून घेऊ नका.

मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून त्याचा एमआरआय करू का, असं विचारणाऱ्या आईबाबांना, नाही. लक्षण नसताना काही करायची गरज नाही.

एमएसचं निदान झालेलं असेल आणि अ‍ॅलर्जीही असेल तर औषध ठरायच्या आधी वहीचं डावं पान डॉक्टरांपुढे ठेवा. ऑक्रेलिझुमॅब या एमएसच्या औषधाच्या सलाइनआधी रिअ‍ॅक्शन टाळायला स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन देतातच. ग्लॅटिरामर या एमएसच्या दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी जास्त लक्ष द्या. त्यात टोचल्यावर छातीत धडधड, चेहरा लाल असं होऊन थोड्या वेळात आपोआप थांबतं, ते बऱ्याच जणांना माहीत असतं, पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियंत्रक संस्थेने त्यावर अ‍ॅनाफिलॅक्सिसची (जीवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या अटॅकची) सगळ्यात कडक वॉर्निंग टाकली, आणि ती रिअ‍ॅक्शन पहिल्या डोसला किंवा वर्षानुवर्षं औषध सूट झाल्यावरही येऊ शकते. श्वास अडकतोय, अंगभर गांधी, चक्कर, आणि थांबायच्या ऐवजी वाढतंय, तर १०८ ला फोन करा. आपल्याकडे अ‍ॅड्रिनॅलिनचं (अशा अटॅकवर देतात त्या इंजेक्शनचं) तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून अँप्यूल आणि सिरिंज घरी ठेवायची का, किती आणि मांडीत कुठे टोचायचं, हे डॉक्टरांकडून घरातल्या दोघांनी आधीच शिकून घ्या. एमएस आहे म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन टाळायचं नसतं.