मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की लॅपटॉपवर नेट रखडतं? टॉवरला शिव्या द्यायच्या आधी या चुका टाळा

गावाला गेलं किंवा घरचं ब्रॉडबँड बंद पडलं की आपण सगळे एकच करतो, मोबाईलचा हॉटस्पॉट ऑन करायचा, लॅपटॉप जोडायचा आणि पाच मिनिटांत सुरू, इकडे रेंजच नाही, टॉवर बेकार, कंपनी चोर वगैरे वगैरे. कधी कधी खरंच टॉवर बेकार असतो, नाही असं नाही. पण मी नातेवाईकांचे आणि ऑफिसातल्या लोकांचे जे लॅपटॉप बघितलेत त्यात बहुतेक वेळा फोनवर नेट व्यवस्थित येत असतं आणि लॅपटॉपच ते मागल्या दाराने पिऊन टाकत असतो. फोनवर व्हिडिओ कॉल मस्त होतो पण लॅपटॉप जोडला की साधं जीमेल उघडत नाही, अशी तक्रार असेल तर पुढचं नीट वाचा.

आधी हे ठरवा की अडकतंय कुठे

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे स्पीड टेस्ट फक्त लॅपटॉपवर करायची आणि त्यावरून रेंजला नावं ठेवायची. मागे कुठलं तरी अपडेट डाउनलोड होत असताना टेस्ट केली तर येणारा आकडा खोटाच असणार ना. म्हणून आधी हॉटस्पॉट बंद करून फोनवर टेस्ट करा, मग हॉटस्पॉट चालू करून फक्त लॅपटॉप जोडा आणि त्यावर करा. फोनवर चांगला आणि लॅपटॉपवर भिकार आकडा आला तर दोष लॅपटॉपमध्ये किंवा मधल्या वायफायमध्ये. दोन्हीकडे भिकार आला तर रेंज, गर्दी नाहीतर संपलेला डेटा. आणि हो, टेस्ट सारखी सारखी करत बसू नका, ती पण डेटा खाते आणि चांगल्या स्पीडला जास्तच खाते.

एक बारीक गोष्ट, टेस्टमध्ये दिसतं ते एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाइट, आठ बिट मिळून एक बाइट. ८ एमबीपीएस आले तर फाईल सेकंदाला १ एमबीने उतरणार, यात कोणी तुम्हाला फसवत नाहीये.

डेटा संपलाय आणि तुम्ही सेटिंग शोधताय

रोज दीड जीबी किंवा दोन जीबी वाले प्लॅन आहेत त्यात कोटा संपला की नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं, बीएसएनएलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये तर ४० वर. मेसेज येतो पण तो वाचतो कोण. आता ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, १ एमबीला दोन मिनिटं, आणि आजकाल एखाद्या न्यूज साईटचं पान दोन-अडीच एमबीचं सहज असतं, म्हणजे पाच मिनिटं, तोवर ब्राउझरच कंटाळून एरर देतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढे घरोघरी टेलिफोनच्या वायरीवर ५६ केचे मोडेम कर्कश्श ओरडायला लागले, त्याच रांगेतला स्पीड आहे हा, फरक इतकाच की तेव्हाची पानंसुद्धा किरकोळ वजनाची होती.

ओळखायची खूण सोपी आहे. व्हॉट्सॅपचा टेक्स्ट मेसेज जातो पण फोटो गोल गोल फिरत बसतो, रेंजच्या कांड्या फुल्ल असतात आणि घरात कुठेही जा, स्पीड तेवढाच रडका. फोनमधल्या डेटा काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो बऱ्याचदा महिन्याचा हिशेब दाखवतो, कंपनीच्या ॲपमध्ये बघा. टॉप-अप मारा नाहीतर रात्री बारापर्यंत थांबा. अनलिमिटेड ५जी वाल्यांची अजून एक गंमत, ते अनलिमिटेड फक्त ५जीवर असेपर्यंत असतं, फोन घरातल्या आतल्या खोलीत ४जीवर उतरला की तोच डेटा रोजच्या कोट्यातून कटायला लागतो आणि तुम्ही म्हणता माझं तर अनलिमिटेड आहे मग संपलं कसं.

खरी चूक इथे आहे: मीटर्ड कनेक्शन बंद ठेवणं

विंडोजला बऱ्याचदा कळतच नाही की तुम्ही मोबाईलवर आहात. त्याच्या दृष्टीने वायफाय म्हणजे वायफाय, तुमच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं फायबर काय आणि वेंगुर्ल्याच्या घरातला हॉटस्पॉट काय. त्यामुळे तो जोडल्या जोडल्या हात धुऊन कामाला लागतो. विंडोज अपडेट, स्टोअरची ॲप्स, वनड्राइव्ह, अँटीव्हायरस, जे महिनाभर साचलंय ते सगळं एकदम, आणि सकाळी दहाला तुमची मीटिंग असते तेव्हाच.

उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय, आणि जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन ऑन करा, म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो हे विंडोजला कळतं. मग विंडोज बरीचशी अपडेट थांबवतो आणि वनड्राइव्ह पण आपोआप पॉज होतो. हे प्रत्येक नेटवर्कला वेगळं करावं लागतं, म्हणजे तुमच्या फोनला केलं आणि उद्या बायकोच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

इथे एक मोठा खड्डा आहे ज्यात बरेच जण पडतात. यूएसबी केबलने टेदरिंग केलं, म्हणजे फोनचं नेट वायफायऐवजी केबलने लॅपटॉपला दिलं, की विंडोजला ते वायफाय दिसतच नाही, ते इथरनेट म्हणजे वायरचं नेट म्हणून दिसतं. त्यामुळे वायफायला लावलेलं मीटर्ड तिथे चालत नाही, इथरनेटमध्ये जाऊन परत ऑन करावं लागतं, आणि केबल काढून परत जोडल्यावर अधूनमधून तपासून पण बघा.

आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मीटर्ड लावूनही कंपनीचं व्हीपीएन आणि त्यांची अपडेटं चालूच राहू शकतात, त्याला तुमच्या हातात काही नाही, आयटीवाल्यांना सांगा.

अपलोड भरला की डाउनलोड पण मरतो

हे फार कमी लोकांना माहीत असतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही डाउनलोड करता तेव्हा लॅपटॉप मिळालेल्या प्रत्येक हप्त्याची पोच सर्व्हरला परत पाठवत असतो, आणि ती पोच जाते अपलोडच्या वाटेने. मोबाईलवर अपलोड आधीच बारीक, त्यात डेस्कटॉपवर टाकलेले लग्नाचे फोटो वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह वर चढवत असेल तर पोच त्या रांगेत मागे अडकते, समोरचा सर्व्हर म्हणतो पोच आली नाही, थांबू. झालं, डाउनलोड पण गार. एसटीच्या एकाच दारातून गोणी चढवणारा आडवा उभा राहिला की उतरणारे पण आत अडकतात तसं. डाउनलोड २० एमबीपीएस दिसतोय तरी पान उघडायला वेळ लागतोय, मीटिंगमध्ये आवाज तुटतोय, असं असेल तर पहिला संशय अपलोडवर घ्या.

पकडायचं कसं? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक करा, जो वर येईल तो चोर. कालपरवा कोण किती खाऊन गेलं ते बघायचं असेल तर नेटवर्क अँड इंटरनेटमध्येच डेटा युसेज असतं, ॲपनुसार यादी मिळते. ती यादी बघून लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आणि विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची भानगड आहे, त्यात दुसऱ्या कॉम्प्युटरांबरोबर अपडेटची देवाणघेवाण चालते, सेटिंग तशी असेल तर इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरांना पण तुमच्या डेटातून वाटप. बंद करून टाका.

२.४ की ५?

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड म्हणजे वायफायच्या रेडिओ लहरींचा पट्टा निवडता येतो, २.४ गिगाहर्ट्झ किंवा ५. लोक ऐकीव माहितीवर डोळे मिटून ५ लावतात. फ्लॅटमध्ये ते बरोबर आहे, कारण २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये तीस राउटर त्यातच कोंबलेले. पण गावच्या घरात, जिथे शेजारचं घर हाकेच्या अंतरावर आहे आणि भिंती जांभ्या दगडाच्या, तिथे ५ भिंतीपलीकडे धड पोचत नाही आणि २.४ निवांत चालतं. जुन्या लॅपटॉपमध्ये ५ ची सोयच नसते, मग हॉटस्पॉट यादीत दिसतच नाही आणि लोक म्हणतात वायफाय बिघडलं. आयफोन असेल तर मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी ऑन केलं की तो २.४ वर जातो (१२ पासून पुढच्या मॉडेलमध्ये), बंद केलं की ५.

२.४ वर असताना लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल आणि शेजारच्याच पोर्टमध्ये वायफायचा छोटा डोंगल असेल तर स्पीड पडू शकतो, कारण यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट (कानाला ऐकू येणारा नाही) नेमका २.४ च्याच पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर अख्खा पेपर काढला होता. डिस्क काढून बघा, नाहीतर दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

फोन कुठे ठेवलाय ते बघा आधी

लॅपटॉप टेबलावर, फोन लॅपटॉपच्या शेजारी, कारण वायफाय जवळ पाहिजे ना! उलट आहे. फोन ते लॅपटॉप हे अंतर पाच-सात मीटर असलं तरी फरक पडत नाही, फोन ते टॉवर हे अंतर आणि मधले अडथळे महत्त्वाचे. फोनला टॉवर दिसेल अशा जागी ठेवा, तुम्ही कुठेही बसा.

जागा शोधताना कांड्या मोजू नका, प्रत्येक फोन कांड्या आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये अबाउट फोन, मग स्टेटस किंवा सिम स्टेटसमध्ये सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो, म्हणजे उणे ८५ चांगला, उणे १०० ठीकठाक, उणे ११५ म्हणजे देवाचं नाव घ्या. दहाचा फरक म्हणजे दहापट ताकदीचा फरक, हे लक्षात ठेवा. माझा मावसभाऊ मे महिन्यात कणकवलीकडे घरी होता, पडवीवर पत्रे, तिथेच टेबल टाकून बसायचा, "दादा इकडे नेट म्हणजे नुसतं नाटक आहे रे" असं रोज ऐकवायचा. त्याला म्हटलं फोन घेऊन घरभर फिर आणि आकडे सांग. पडवीत उणे ११२, माजघरात त्याहून वाईट, आणि माळ्यावरच्या पूर्वेच्या झरोक्यात उणे ९१. फोन तिथे ठेवला, लॅपटॉप खाली, बँड २.४, संध्याकाळपर्यंत कॉल चालू. पत्रा म्हणजे लोखंड, सिग्नलला सरळ आडवा येतो, हे कोणी लक्षातच घेत नाही.

खिडकीत ठेवताना ऊन बघा मात्र. हॉटस्पॉट, चार्जर आणि ऊन, तिन्ही एकत्र आलं की फोन तापतो आणि तापला की स्वतःच दम घेतो, स्पीड पडतो, काही फोन तर हॉटस्पॉट बंदच करतात. जाड कव्हर काढा.

५जीच्या काठावर राहत असाल तर फोन सारखा ५जी-४जी-५जी करत बसतो आणि प्रत्येक उडीला मीटिंग अडखळते. अशा वेळी प्रेफर्ड नेटवर्क ४जीवर ठेवा, आकडा कमी दिसेल पण अडखळणार नाही. मला तर कामाला स्थिर १० एमबीपीएस हे नाचऱ्या १०० पेक्षा कधीही चालतं.

केबलबद्दल थोडक्यात. वायफाय त्रास देत असेल तर यूएसबी टेदरिंग उत्तम, पण स्टॉलवरच्या स्वस्त केबलमध्ये कधी कधी नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच, मग टेदरिंगचा पर्याय राखाडी दिसतो आणि माणूस फोन फॉरमॅट करायला निघतो. केबल बदला आधी. ब्लूटूथ टेदरिंगचं नाव काढू नका, ते ईमेलपुरतंच.

हे उद्योग करू नका

डीएनएस बदलून ८.८.८.८ टाका, स्पीड डबल, असे व्हिडिओ रग्गड आहेत. डीएनएस फक्त साईटचा पत्ता शोधतो, कंपनीचा डीएनएस आडमुठा असेल तर पान उघडायला सुरुवात लवकर होईल, पाइप रुंद होणार नाही. विंडोज तुमचा २० टक्के स्पीड राखून ठेवतो ही अफवा एक्सपीच्या काळापासून फिरतेय आणि अजून मरत नाही. ती राखीव जागा मागणारं ॲप चालू असेल तेव्हाच लागू, एरवी सगळं तुमचंच. कमांड टाकून ऑटोट्युनिंग (एका दमात किती डेटा घ्यायचा हे विंडोज आपोआप ठरवतो ते) डिसेबल करायला सांगतात ते तर उलट नुकसान करतं, मोठ्या फाईलचा स्पीड पडतो. कोणी केलं असेल तर परत नॉर्मलवर आणा. स्पीड बूस्टर नावाचं काहीही टाकू नका, ते स्वतःच जाहिराती डाउनलोड करतं.

एवढं करून पण नाही झालं तर

मग टॉवरच. रात्री आठ ते अकरा गर्दी असते, सगळा गाव मॅच नाहीतर रील बघत असतो, तेव्हा सिग्नल उणे ८० असला तरी काही उपयोग होत नाही कारण सिग्नल आहे पण वाटा कमी येतोय. एअरप्लेन मोड ऑन-ऑफ करून बघा, कधी कधी फोन कमी गर्दीच्या बँडवर बसतो. मोठी डाउनलोडं पहाटे लावा. लाईट जाऊन दोन-चार तास झाले की टॉवरची बॅटरी पण उतरत जाते, जिथे जनरेटर नाही तिथे रेंजच गायब होते, तेव्हा लॅपटॉपशी झटापट करण्यात अर्थ नाही.

आणि वैतागून १९०० ला पोर्टचा मेसेज टाकायच्या आधी एक करा, त्या दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला कोणाचा तरी फोन घ्या, तुमच्याच त्या खिडकीत ठेवा आणि टेस्ट रात्री नऊला करा, सकाळी अकराला नाही. सकाळी सगळ्याच कंपन्या चांगल्या असतात.