पीडीएफमध्ये लेयर कसे तयार करावेत आणि कसे हाताळावेत

घराच्या नकाशात भिंती, वीजजोडणी आणि पाण्याचे पाइप एकावर एक आले की कुणालाच काही नीट वाचता येत नाही. तीन वेगळ्या फाइली केल्या, तर एकीत बदल झाल्यावर बाकीच्या जुन्या राहतात. त्यापेक्षा लेयर, म्हणजे वेगवेगळे दाखवता-झाकता येणारे थर, असलेली एकच पीडीएफ कितीतरी बरी. ज्याला जे हवे ते त्याने चालू ठेवावे, बाकीचे झाकावे.

लेयर शक्यतो मूळ फाइलीतच करा. तयार पीडीएफमधला मजकूर नंतर वेगळा काढत बसणे फार कटकटीचे असते.

स्क्रायबस हे पानांची मांडणी करण्याचे मोफत सॉफ्टवेअर यासाठी चांगले आहे. ‘विंडोज’ मेनूतून ‘लेयर्स’ उघडा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करून नवा लेयर घ्या आणि त्याला लगेच नाव द्या. ‘भिंती’, ‘वीज’ अशी नावे ठेवा. ‘न्यू लेयर १’ वाचून समोरच्याला काहीच कळत नाही. काही काढण्याआधी योग्य लेयर निवडलेला आहे ना, ते बघा, कारण नवी वस्तू निवडलेल्या लेयरवरच जाते. चुकून दुसरीकडे गेली, तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘सेंड टू लेयर’ वापरा.

आता ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ असे जा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. लेयरची सोय पीडीएफमध्ये १.५ या आवृत्तीपासून आली. म्हणून आवृत्ती १.५ किंवा पुढची निवडा आणि ‘इन्क्लूड लेयर्स’वर खूण करा. यातले एक जरी राहिले, तरी पान दिसायला तसेच दिसेल, पण लेयर नसतील. मांडणीच्याच इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये याच खुणेला ‘क्रिएट अ‍ॅक्रोबॅट लेयर्स’ म्हणतात. नकाशे काढण्याच्या ऑटोकॅडमध्ये पीडीएफच्या पर्यायांत ‘इन्क्लूड लेयर इन्फर्मेशन’ असते.

फाइल पाठवण्याआधी स्वतः उघडून पाहा. अ‍ॅक्रोबॅट रीडर, फॉक्सिट, ऑक्युलर आणि फायरफॉक्स यांत लेयरची यादी दिसते. मोबाइलवरच्या अनेक अ‍ॅपमध्ये ती नसते, त्यामुळे सुरुवातीला कोणते लेयर चालू असावेत हे विचारपूर्वक ठरवा.

अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर लेयरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये हे ठरवता येते. छपाईचा वेगळा पर्यायही तिथेच आहे: लेयर नेहमी छापायचा, कधीच नाही, की दिसत असेल तेव्हाच. तपासणीच्या सूचना पडद्यावर हव्यात पण कागदावर नकोत, अशा वेळी तो फार उपयोगी पडतो. ‘इम्पोर्ट अ‍ॅज लेयर’ने दुसरी पीडीएफ किंवा चित्र नवा लेयर म्हणून आणता येते. ‘मर्ज’ (लेयर एकमेकांत मिसळणे) आणि ‘फ्लॅटन’ (सगळे लेयर मोडून एकच सपाट पान करणे) मात्र मागे घेता येत नाहीत. आधी प्रत ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे: झाकलेला लेयर फाइलीतच असतो. एका क्लिकवर कोणीही तो उघडू शकते. दर, गुप्त शेरे किंवा कुणाची खासगी माहिती त्यावर असेल, तर मूळ फाइलीत तो लेयर पूर्ण काढून पुन्हा एक्स्पोर्ट करा. अ‍ॅक्रोबॅट प्रोमधले ‘रिमूव्ह हिडन इन्फर्मेशन’ही झाकलेले लेयर काढून टाकते.

फाइल दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफ/ए प्रकारात द्यायची असेल, तर पीडीएफ/ए-१ मध्ये लेयर चालत नाहीत. पीडीएफ/ए-२ निवडा.