काम कोणी केले, कोणी करवून घेतले: इंग्रजीतील पॅसिव्ह आणि कॉझेटिव्ह रचना

पॅसिव्ह व्हॉइस आपल्याकडे ‘वाक्य बदलून लिहा’ या परीक्षेतल्या प्रश्नापुरता शिकवला जातो. त्यामुळे नियम तोंडपाठ असूनही अर्ज लिहिताना किंवा मुलाखत देताना तो कधी वापरावा, हे पुष्कळांना ठरवता येत नाही. यासाठी वाक्य जुळवण्याआधी एवढेच पाहावे, की काम कोणी केले हे इथे सांगायला हवे आहे का.

कर्ता माहीत नसेल, उघड असेल किंवा बिनमहत्त्वाचा असेल, तर पॅसिव्ह योग्य ठरतो. ‘शिवाजी युनिव्हर्सिटी वॉज एस्टॅब्लिश्ड इन १९६२’ या वाक्यात वाचकाचे लक्ष विद्यापीठावर राहते. ‘बी’चे काळानुसार रूप आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप, एवढीच ही रचना आहे. अकर्मक क्रियापदांचा पॅसिव्ह होत नाही, म्हणून ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य चूक असून ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड’ एवढेच म्हणावे.

मराठीतल्या कर्मणी प्रयोगाशी मात्र पॅसिव्हची गल्लत करू नये. ‘सुताराने दार बसवले’ हे कर्मणी असले, तरी इंग्रजीत ते सरळ ‘द कारपेंटर फिटेड द डोअर’ असेच होते. ‘दार बसवण्यात आले’ असे म्हणायचे असेल, तेव्हाच ‘द डोअर वॉज फिटेड’.

कॉझेटिव्हकडे, म्हणजे काम दुसऱ्याकडून करवून घेतल्याचे सांगणाऱ्या रचनेकडे, शाळेत फारसे लक्ष दिले जात नाही, आणि माझ्या मते रोजच्या बोलण्यात खरी अडचण तिथेच येते. समजा, आपण कोल्हापूरच्या चप्पल लाइन या चपलांच्या बाजारातल्या कारागिराकडून चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घेतला आणि ‘आय रिपेअर्ड माय चप्पल्स’ म्हणालो, तर सुई-दोरा आपणच हातात घेतला असा अर्थ होईल. ‘आय हॅड माय चप्पल्स रिपेअर्ड’ हे बरोबर. ‘हॅड’च्या जागी ‘गॉट’ही चालते, फक्त ते थोडे अनौपचारिक वाटते. इथे शब्दांचा क्रम फार जपावा लागतो: आधी ‘हॅव’, मग वस्तू, मग तिसरे रूप. वस्तू शेवटी गेली आणि ‘आय हॅड रिपेअर्ड माय चप्पल्स’ झाले, की तो पूर्ण भूतकाळ ठरतो आणि दुरुस्ती पुन्हा आपल्याच माथी येते. कोल्हापूरच्या खासबाग या कुस्तीच्या मैदानाबद्दलही ‘शाहू महाराज हॅड द अरीना बिल्ट’ म्हटले, की ते महाराजांनी बांधवून घेतले हे नेमके कळते.

काम करणाऱ्या माणसाचा उल्लेख करायचा असेल, तर ‘हॅव’नंतर माणूस आणि क्रियापदाचे मूळ रूप येते: ‘आय हॅड द टेलर शॉर्टन द स्लीव्ह्ज’. ‘गेट’मध्ये मन वळवण्याची छटा असून तिथे ‘टू’ लागतो: ‘शी गॉट हर ब्रदर टू ड्राइव्ह’. ‘मेक’मध्ये भाग पाडणे असते आणि ‘टू’ नसतो: ‘द क्लार्क मेड अस वेट’. याच वाक्याचा पॅसिव्ह करताना मात्र ‘टू’ परत येतो, म्हणजे ‘वी वेअर मेड टू वेट’. परवानगी दाखवणाऱ्या ‘लेट’चा असा पॅसिव्ह सहसा करत नाहीत, त्याऐवजी ‘वी वेअर अलाउड टू गो’ असे लिहावे.