एसव्हीएन विंडोजवरून लिनक्सवर नेताय? या चुका टाळा

महाप्याच्या एमआयडीसीत सर्व्हर सांभाळता सांभाळता सबव्हर्जनची (म्हणजे एसव्हीएन, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) बरीच स्थलांतरं निस्तरली. रात्री अकराला फोन वाजला की कारण ऐकायच्या आधीच मला कळतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पॉवरशेलमधून काढलेला डंप, म्हणजे रिपॉझिटरीचा (कोड आणि त्याचा इतिहास जिथे साठतो ती जागा) सगळा इतिहास एका फाइलीत उतरवणं. एका शनिवारी आमच्या नव्या पोराने 'एसव्हीएनअॅडमिन डंप' चालवून बाणाच्या चिन्हाने आउटपुट फाइलीत वळवलं. शेवटच्या रिव्हिजनपर्यंत (नोंदवलेल्या बदलापर्यंत) एकही एरर नाही. लिनक्सवर लोड करायला गेला तर सुरुवातीलाच 'मालफॉर्म्ड हेडर'. मग पेनड्राइव्ह बदलला, नेटवर्कला शिव्या घातल्या, पुन्हा तसाच डंप घेतला. एररमध्ये काय लिहिलंय ते मात्र वाचलं नाही. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून घणसोलीला उतरलो, रिक्षा केली आणि फाइलीचे पहिले दोन बाइट बघितले: एफएफ, एफई. म्हणजे यूटीएफ-१६, मजकूर साठवायची एक पद्धत. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ असं वळवलेलं आउटपुट मजकूर समजून स्वतःच्या पद्धतीने लिहितं, आणि डंपमधला बाइटन् बाइट जसाच्या तसा लागतो. जुन्या काळ्या सीएमडीत तीच कमांड मारली, लोड सुरू झालं. तेव्हापासून मी डंप सीएमडीतच घेतो, आणि दोन्हीकडे एसएचए-२५६ (फाइलीच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) ताडल्याशिवाय लोडला हात लावत नाही.

"डंप कशाला, फोल्डरच उचलू" म्हणणारे भेटतातच. रिपॉझिटरी एफएसएफएस प्रकारची (साध्या फायलींत साठवणारी) असेल तर जमतं, पण कमिट (बदल नोंदवणं) चालू असताना कॉपी मारलीत तर अर्धवट माल हाती येईल. एवढीच घाई असेल तर हॉटकॉपी आहे ना, चालू रिपॉझिटरीची नीट प्रत काढणारी कमांड! बर्कली डीबी या डेटाबेसात साठवलेली जुनी रिपॉझिटरी असेल तर मुकाट्याने डंप घ्या.

दुसरी चूक रूटने (लिनक्सच्या सर्वाधिकारी युजरने) लोड करण्याची. चेकआउट (कोडची प्रत उतरवून घेणं) होतं, लॉग दिसतो, साहेबांना 'झालं' असा मेसेजही जातो. सोमवारी पहिल्या कमिटला 'परमिशन डिनाइड'. रिपॉझिटरीची मालकी अपाचे वेब सर्व्हर ज्या युजरने चालतो त्याच्याकडे द्या. रेड हॅटवर एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबलही बघा. ती यंत्रणा बंदच करून टाकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. मी स्वतः साध्या युजरच्या लॉगिनने एक फालतू कमिट करून बघतो, मगच मेसेज.

हुक, म्हणजे कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, डंपमध्ये येत नाहीत. विंडोजच्या बॅट फायली लिनक्सवर चालणार नाहीत. शेल स्क्रिप्ट लिहा, एक्झिक्यूट परमिशन द्या, आणि नोटपॅडने ओळींच्या शेवटी सोडलेले सीआर (न दिसणारं विंडोजचं ओळ-संपली चिन्ह) काढा. हुकला पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्याची यादी) मिळत नाही, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा.

यूआरएलमध्ये 'बिलिंग' रिपॉझिटरीचं नाव कॅपिटल बीने की स्मॉलने, याची विंडोजला पर्वा नव्हती. लिनक्सला आहे.

मराठी नावांच्या फायली असतील तर लिनक्सचं लोकॅल (भाषेचं सेटिंग) यूटीएफ-८ ठेवा.

सगळ्यांना नव्याने चेकआउट करायला लावू नका. रिकाम्या रिपॉझिटरीत पूर्ण डंप लोड केला की यूयूआयडी (रिपॉझिटरीचा ओळख क्रमांक) जुनाच राहतो, त्यामुळे जुन्या प्रतीला नवा पत्ता देणारं 'एसव्हीएन रिलोकेट' पुरतं. आणि जुना सर्व्हर त्याच रात्री फॉरमॅट करू नका. मी तो रीड-ओन्ली करून महिनाभर टेबलाखाली ठेवतो, वर चिठ्ठी चिकटवून: हात लावू नये.