‘थंडरबर्ड्स’सारखं यान मोबाइलवर उडवा

१९६५ च्या या ब्रिटिश बालमालिकेतली यानं म्हणजे छोटी मॉडेलं. ती अवजड वाटतात, कारण त्यांचं चित्रण सेकंदाला जास्त फ्रेमवर (म्हणजे सुट्या चित्रांवर) करून सावकाश दाखवलं. हिशोब सोपा आहे: मॉडेल जितक्या पटीने लहान, त्या आकड्याच्या वर्गमुळाइतकं चित्र संथ करायचं. १५ मीटरच्या यानाचं ६० सेंमीचं मॉडेल म्हणजे २५ पट लहान, म्हणून ५ पट संथ. मोबाइल १२० फ्रेमवर ठेवा, संपादनात २४ वर चालवा.

कापड दुकानातली ठाणाची पुठ्ठ्याची नळी यानाला उत्तम. टांगायला ०.२ मिमीचा तंगूस घ्या. तो उन्हात चमकतो, म्हणून पार्श्वभूमीच्या रंगाचा मॅट रंग बोटाने फिरवा.

खरी मेहनत जमिनीवर घ्या. आपली काळी माती कडक वाळवून कुटा आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. हरभऱ्याएवढं ढेकूळ राहिलं तरी पडद्यावर ती पाव मीटरची शिळा दिसते, आणि धुरळाही ढगासारखा न उठता खड्यांसारखा उडतो. उड्डाणाच्या क्षणी सायकलच्या पंपाची नळी मातीत पुरून एकच जोरदार दट्ट्या मारा.

लेन्स जमिनीपासून ६ सेंमीवर हवी. त्या मापात माणसाची नजर तिथेच येते. मोबाइल दीड-दोन मीटर लांब ठेवा, जवळून मागचं धूसर होतं आणि खेळणं उघडं पडतं. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. सकाळी आठच्या आत, वारं सुटण्याआधी, तिरप्या उन्हात उरका.