मित्रराष्ट्राला संरक्षण प्रणाली दिल्याची बातमी कशी वाचावी

एखाद्या बलाढ्य राष्ट्राने मित्रराष्ट्राला क्षेपणास्त्रविरोधी प्रणाली दिल्याची बातमी आली, की आपले लक्ष आधी किमतीकडे आणि क्षेपणास्त्रांच्या संख्येकडे जाते. ते तिथून काढून आधी रडारकडे वळवावे, कारण देणाऱ्याचा हेतू बहुधा तिथेच सापडतो. नकाशा उघडून रडार कुठे बसवले आहे आणि त्याच्या टप्प्यात कोणाकोणाचा प्रदेश येतो, हे पाहावे. २०१७ मध्ये अमेरिकेने दक्षिण कोरियातील सोंगजू येथे एका गोल्फ मैदानावर ‘थाड’ प्रणाली उभी केली, ती उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी. पण तिचे रडार चीनच्या हद्दीत डोकावू शकते, म्हणून सर्वाधिक संतापला तो चीनच. त्याने आपल्या पर्यटकांच्या सहली बंद केल्या आणि त्याची झळ कोरियाच्या व्यापाऱ्यांना सोसावी लागली. संरक्षण घेणाऱ्याने चुकवलेली ही किंमत करारात कुठेच लिहिलेली नसते, म्हणून ती आपणच शोधावी.

त्यानंतर प्रणाली विकली आहे की देणाऱ्याचे सैनिकच ती चालवतात, हे तपासावे. सोंगजूची प्रणाली आणि इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात २००८ मध्ये बसवलेले रडार, दोन्ही अमेरिकी सैनिकांच्या हाती आहेत. तिथे हल्ला करणाऱ्याला थेट अमेरिकेशी गाठ पडण्याचा विचार करावा लागतो, आणि माझ्या मते हा वचक क्षेपणास्त्रांइतकाच मोलाचा आहे.

विकलेल्या प्रणालीबाबत मात्र सुटे भाग, प्रशिक्षण आणि माहितीची देवाणघेवाण कोणाच्या हाती राहते, हे बारकाईने वाचावे. मैत्रीची दोरी तिथे बांधलेली असते. तुर्कस्तान हा नाटोचा सदस्य आणि ‘एफ-३५’ या अमेरिकी लढाऊ विमानाचे भाग बनवणारा भागीदार. तरीही जुलै २०१९ मध्ये रशियाची ‘एस-४००’ ही हवाई संरक्षण प्रणाली त्याच्या भूमीवर उतरू लागताच, त्याच महिन्यात अमेरिकेने त्याला या विमानाच्या कार्यक्रमातून वगळले, कारण रडारपासून लपणाऱ्या या विमानाची गुपिते रशियन रडारच्या हाती लागण्याची तिला धास्ती होती.

‘एस-४००’साठी भारतानेही २०१८ मध्ये करार केला आहे. शिवाय रशियाच्या भागीदारीत घडवलेले ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्र २०२४ मध्ये फिलिपिन्सला पोहोचवून तो स्वतः देणाऱ्यांच्या रांगेत आला आहे. त्या बातमीलाही हेच प्रश्न लावून पाहावेत आणि फिलिपिन्सच्या किनाऱ्यावरची ती क्षेपणास्त्रे दक्षिण चीन समुद्राच्या दिशेने किती अंतर गाठतात, हे नकाशावर मोजावे.